व्ह्यूजचं घोडं २०० वरच का अडतं?

मागच्या अंकात सहज लिहून गेले की रील-शॉर्ट्सबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर मेसेजचा नुसता पाऊस पडला आणि त्यातले निम्मे एकाच ओळीचे, "ताई व्ह्यूज वाढवून द्या". अहो मी काय गंडेदोरे देते का! मी लोकांचे व्हिडिओ एडिट करून पोट भरते एवढंच. आधी लग्नाचे करायचे, मग जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणलं, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणीसुद्धा भारतातच केली, तेव्हापासून मांडव सुटला आणि दुकानवाले, क्लासवाले, घरगुती पदार्थवाले हेच माझं गिऱ्हाईक. ज्यांनी लिंक पाठवली होती त्यांचं आधी घेतेय, व्हिडिओ न बघता उत्तर देणं म्हणजे नाडी न बघता काढा देण्यासारखं आहे.

मी घरी शेंगाचटणी करून विकते. वर्ष होत आलं, आठवड्याला तीन रील टाकते. प्रत्येक रील १८०-२२० व्ह्यूजवर जाऊन थांबते, पुढे सरकतच नाही. मुलगा म्हणतो अकाउंट शॅडोबॅन झालंय, म्हणजे न सांगता दाबून ठेवलंय, नवीन काढ. काढू का?
— चटणीवाल्या काकू, सोलापूर

काकू, नका काढू. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट स्टेटस' म्हणून एक जागा आहे, तुमच्या पोस्ट अनोळखी लोकांना दाखवल्या जाऊ शकतात की नाही ते तिथे सरळ लिहून येतं. मुलाला ते उघडून दाखवायला सांगा. तिथे काही लाल नसेल तर बॅनबिन काही नाही, गडबड व्हिडिओत आहे.

तुमच्या सहा रील बघितल्या. सगळ्यांची सुरुवात एकच, "नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे, मजेत ना, तर आज आपण बघणार आहोत..." आणि हे चालू असताना कॅमेरा भिंतीवरून, फ्रिजवरून हळूहळू ओट्यापाशी येतो. यात ११ सेकंद गेले. मग शेंगदाणे किती, लसूण किती, तिखट कुठलं. आणि एकोणिसाव्या सेकंदाला उखळात पहिला दणका बसतो. अहो काय आवाज आहे तो! चौथ्या-पाचव्या दणक्याला तेल सुटायला लागतं, चटणी चकचकीत होऊन उखळाच्या कडेला धरते आणि तुम्ही ती हाताने खाली ओढता, तिथे मी दोनदा मागे जाऊन बघितलं. पण मी तिथवर आले कारण ते माझं काम आहे हो. बसस्टॉपवर अंगठा फिरवत उभा असलेला माणूस तिसऱ्या सेकंदालाच वर सरकवून मोकळा होतो, त्याला उखळ दिसतच नाही.

आता २०० वरच का अडतं ते सांगते. अ‍ॅप नवीन व्हिडिओ आधी थोड्याच लोकांसमोर टाकून बघतं. ते थांबले, शेवटपर्यंत बघितलं, कोणाला तरी पाठवलं, तर आणखी थोड्या लोकांसमोर, तिथेही थांबले तर आणखी. तुमच्याकडे पहिल्याच घोळक्यातले लोक पळतायत, म्हणून गाडी पुढे जात नाही, बाकी यात काही करणी नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की सगळ्यात जास्त वजन तीन गोष्टींना, किती वेळ बघितलं, किती लाईक आले आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं, आणि जे तुम्हाला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत जायचं असेल तर ते पाठवणं लाईकपेक्षा मोठं.

म्हणून एक करा. तीच रील घ्या, नवीन शूट पण नको. पहिली फ्रेम उखळाचा दणका. वर एक शब्द बोलू नका, गाणं लावू नका, नुसता तो आवाज दोन-तीन सेकंद. व्हिडिओवरच्या अक्षरांच्या पट्टीवर लिहा, "मिक्सरची चटणी अशी का होत नाही?" आणि ही पट्टी मध्यावर किंवा थोडी वर ठेवा, तुम्ही सगळं खाली लिहिता तिथे नाव आणि कॅप्शन येतं, उजवीकडे लाईकची बटणं येतात, तुमचं 'सोलापुरी' मधलं 'पुरी' कायम बटणाखाली जातंय. मग तुम्ही तेल सुटल्याचं जे सांगता ते, मग प्रमाण. नमस्कार काढूनच टाका. मला माहितीये आपल्याकडे नमस्कार न करता बोलायला लागणं उद्धटपणा वाटतो, पण रस्त्याने चाललेल्या माणसाला दारात उभं राहून नमस्कार-चमत्कार केले तर तो मान हलवून पुढे जातो, आणि खमंग वास आला तर आपोआप थांबतो.

आणखी एक. पुण्यात हॉस्टेलवर राहणारी सोलापूरची पोरगी ही रील बघून कोणाला पाठवेल? आईला, "अगं येताना आण" म्हणून. किंवा रूममेटला, "तू ज्याला चटणी म्हणतेस ना..." म्हणून. असं एक वाक्य तुमच्या रीलमध्ये असू द्या जे वाचून तिला कोणाचं तरी तोंड आठवेल. "कृपया शेअर करा" म्हटल्याने कोणी करत नाही.

हे केल्यावर रीलच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे जिथे रीलचे आकडे दिसतात तिथे, जाऊन ती उतरती रेघ बघा, किती सेकंदाला किती लोक उरले ते दाखवणारी. तुमच्या सगळ्या रीलमध्ये ती सुरुवातीलाच कड्यावरून खाली पडल्यासारखी दिसत असणार. पुढच्या रीलमध्ये ती जरा जरी उताराची झाली तर व्ह्यूज २०० च राहिले तरी समजा गाडी रुळावर येतेय. महिनाभर फक्त ती रेघ बघा, व्ह्यूजचा आकडा बघूच नका असं म्हणणार होते, पण ते कोणालाच जमत नाही, मला पण नाही.

मी नेल आर्टच्या रील टाकते. टाकल्याटाकल्या सगळ्या फॅमिली ग्रुपवर लिंक पाठवते, मामा-मावशी-काकू सगळे लगेच लाईक करतात, कमेंटमध्ये हार्ट टाकतात. तरी बाहेरचे लोक येत नाहीत. असं का?
— वय २२, डोंबिवली

कारण तुझे मामा नखं रंगवत नाहीत. अगं, मामा लिंक उघडतो, लाल बदाम दाबतो आणि भाचीचं कर्तव्य झालं म्हणून परत क्रिकेटकडे. चाळीस सेकंदांचं काम तो दोन सेकंद बघतो. वर हेच सगळे तुला फॉलो करतात, म्हणजे तुझी नवीन रील ज्यांच्यापुढे जाते त्यातले बरेचसे असे की ज्यांना जेल आणि अ‍ॅक्रिलिक यातला फरक मेला तरी कळणार नाही. प्रेम आहे त्यांचं, असू दे, पण एक महिना ग्रुपवर लिंक टाकणं बंद करून बघ. त्यापेक्षा ज्या मुलींची नखं केलीस त्यांना त्यांचीच रील पाठव, त्या स्वतःहून मैत्रिणींना दाखवतात. मावशी विचारेल "काय गं, हल्ली काही टाकत नाहीस?", तेव्हा सांग टाकतेय, तुझ्याकडे आली नाही म्हणजे बरं चाललंय.

हॅशटॅग किती टाकावेत? आणि कुठल्या वेळेला टाकली की रील चालते?
— बरेच जण

तीन-चार टाका, ते पण विषयाचे. हॅशटॅगने रिच, म्हणजे रील किती लोकांपर्यंत पोचते ते, वाढत नाही हे मोसेरींनी पुन्हा पुन्हा सांगितलंय, तरी लोक तीस-तीस डकवायचे, त्यात 'व्हायरल' आणि 'ट्रेंडिंग' असायचेच. त्यापेक्षा कॅप्शनमध्ये माणूस जे शब्द टाईप करून शोधतो ते सरळ मराठीत लिहा. वेळेचं म्हणाल तर तुमचे लोक जागे असतील तेव्हा, प्रोफेशनल अकाउंट असेल तर ते इनसाइट्समध्ये दिसतं. पण चांगली रील दोन-तीन आठवड्यांनीही उचलली जाते, त्यामुळे संध्याकाळी ७ वाजून ०३ मिनिटांनी टाकू की ०५ ला यात जीव अडकवू नका.

आमच्या तंबोऱ्याच्या दुकानाचं अकाउंट मी बघतो. मार्चमध्ये वडिलांची एक रील ६ लाखांवर गेली, घरात पेढे वाटले. त्यानंतर टाकलेल्या २२ रीलपैकी एकही हजाराच्या वर नाही. काय चुकलं?
— मिरज

तुमची लिंक उघडली आणि कामधाम सोडून बसले. मिरजेची सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं हे वाचलं होतं, पण जवारी काढतात म्हणजे नक्की काय करतात ते पहिल्यांदा बघितलं. वडील आधी तार छेडतात, आवाज कसा मुका, बसलेला. मग घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या तुकड्यावर, कानस, दोन-चार हात, फुंकर, तारेखाली दोरा जरासा सरकवला, परत छेडली, आणि तो आवाज एकदम फुलतो, खोलीभर घुमायला लागतो. पूर्ण ३४ सेकंद. त्यात एक शब्द नाही. शेवटी वडील कॅमेऱ्याकडे न बघता नुसती मान हलवतात.

आणि आता त्यानंतरच्या २२. तीन सणांच्या शुभेच्छा, एक दुकानाचा वर्धापनदिन, दोन पाहुण्यांचे सत्कार, एक "६ लाखांबद्दल आभारी आहोत" (ती बघितलीत का परत, तुम्ही स्वतः तरी?), आणि बाकी सगळे तयार तंबोरे गोल फिरवून मागे बासरीचं गाणं. अहो तंबोऱ्याच्या दुकानात मागे बासरी कशाला! लोक जवारी ऐकायला आले होते. आधी मुका आवाज, मग उघडलेला आवाज, हा जो मधला फरक आहे तो ऐकायला माणूस शेवटपर्यंत थांबला. ते काय होतं ते तुम्ही ओळखलंच नाही, वडिलांनी ओळखलं असेल पण त्यांना कोणी विचारलं नसणार.

तेच परत करा. अगदी तेच असं नाही, त्याच चालीचं. पंढरपूरकडून आलेला भोपळा आधी कसा खडबडीत दिसतो आणि कापून, घासून, रंग देऊन झाल्यावर कसा, ते. ढिली खुंटी आणि बसलेली खुंटी. बायकांच्या पट्टीचा तंबोरा आणि पुरुषांच्या पट्टीचा, लागोपाठ. दर वेळी आधी बिघडलेलं किंवा अर्धवट दाखवा, मग झालेलं, आणि आवाज तुमचाच. इन्स्टाग्रामवर डिसेंबर २०२४ पासून 'ट्रायल रील' म्हणून सोय आली आहे, त्यात रील आधी फक्त फॉलो न करणाऱ्यांना दाखवता येते, चालली तर मग सगळ्यांना. तुमच्या अकाउंटला ती दिसत असेल तर असले प्रयोग तिथे करा.

आणि ६ लाख परत येतील का, तर येतील किंवा नाही येणार. पण मला एक सांगा, त्या ६ लाखांतून तंबोऱ्याची चौकशी करणारे किती आले? तुम्ही मेसेजमध्ये लिहिलंय ११. तर आता टाकलेल्या ९०० व्ह्यूजच्या रीलवर दोन गाणाऱ्यांनी चौकशी केली असेल तर हिशोब तुम्हीच मांडा.

शॉर्ट्सवर मला एकूण ४० लाख व्ह्यूज झालेत पण यूट्यूब म्हणतं पात्र नाही. आकडा तर पुरेसा आहे, पैसे का देत नाहीत?
— एक कॉलेजवाला, लातूर

तू बघतोस तो आकडा आणि यूट्यूब पैशासाठी मोजतं तो आकडा वेगळा आहे रे. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसतं सुरू झालं किंवा परत फिरून लागलं तरी एक व्ह्यू धरतात, कोणी अर्ध्या सेकंदात पळालं तरी. म्हणून त्या काळात सगळ्यांचे आकडे फुगले आणि लोकांना वाटलं आपलं नशीब उघडलं. जुन्या पद्धतीची मोजणी, म्हणजे खरंच बघितलं ते, 'एंगेज्ड व्ह्यूज' नावाने अ‍ॅनालिटिक्समध्ये वेगळी दिसते, आणि पात्रता, पैसे सगळं त्यावर.

शिवाय तो आकडा आयुष्यभराचा नसतो, ९० दिवसांचा असतो. जाहिरातीतला वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, नाहीतर मोठ्या व्हिडिओंवर १२ महिन्यांत ४,००० तास. त्याच्या आधीची एक पायरी आहे, ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ, आणि ३० लाख शॉर्ट्स व्ह्यूज किंवा ३,००० तास, पण तिथे जाहिरातीचे पैसे नाहीत, मेंबरशिप, सुपर थँक्स असलं, बघणारे स्वतःहून देतात ते मिळतं.

आणि पात्र झालास तरी लगेच बुलेट बुक करू नकोस. शॉर्ट्सच्या जाहिरातींचा पैसा एका डबक्यात जमा होतो, त्यातून तुझ्या वाट्याला जे येतं त्याचे ४५ टक्के तुझे. गाणं लावलंस तर डबक्यात जायच्या आधीच त्या शॉर्टचा अर्धा पैसा गाणंवाल्यांकडे, दोन गाणी लावलीस तर दोन तृतीयांश. तू प्रत्येक शॉर्टला गाणं लावतोस. ते पण डायलॉगवर.

मी शेतीचे व्हिडिओ करतो. मित्र म्हणतात हिंदीत बोल, देशभर जाईल. मी वऱ्हाडीत बोलतो तर पुण्या-मुंबईचे लोक कमेंटमध्ये हसतात. भाषा बदलू का?
— सोयाबीनवाले, वाशिम

दादा, आधी हसणाऱ्यांचं. ते हसून तिथेच थांबलेत, कमेंट लिहायला वेळ दिलाय, एकाने मित्राला टॅग केलंय. त्यांनी तुमचं नुकसान काय केलं?

हिंदीचं म्हणाल तर तिकडे माणसं जास्त हे खरंच, पण तिकडे तुमच्यासारखे बोलणारे पण ढिगाने आहेत, सोयाबीन म्हटलं की मध्य प्रदेशातले कितीतरी चॅनेल. मराठी काय छोटी आहे का, २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली होती, देशात तिसरा नंबर. आणि तुमचा तो व्हिडिओ, ज्यात तुम्ही बांधावर उकिडवे बसून पान उलटं करून दाखवता आणि म्हणता "हे पाय, काहून पिवयं पडून रायलं", तो हिंदीत केला असता तर तुम्ही आधी खाकरला असता, शर्टाची कॉलर नीट केली असती आणि बातम्या देणाऱ्यासारखं बोलला असता. तुमचा एक हिंदी व्हिडिओ बघितला ना मी. त्यात तुम्ही नाहीच आहात.

फक्त एक बदल करा. बोला वऱ्हाडीत, पण पडद्यावरची पट्टी आणि यूट्यूबचं शीर्षक साध्या मराठीत ठेवा, म्हणजे सांगली-नाशिकच्या माणसालाही कळतं. आणि शीर्षकात शेतकरी जे टाईप करतो तेच लिहा. "माझं शेत भाग १४" असं कोणी शोधत नाही हो. "सोयाबीन पिवळं पडतंय, मोझॅक कसा ओळखायचा" असं शोधतात, आणि तेही त्या दोन-तीन आठवड्यांतच शोधतात, काढणी झाल्यावर तो व्हिडिओ टाकून काय उपयोग. मागच्या वर्षीचं फुटेज फोनमध्ये असेल तर यंदा पेरणी झाल्याझाल्या एडिट करून तयार ठेवा, पहिलं पान पिवळं दिसलं की टाका. औषधाचं नाव घ्याल तेव्हा डब्यावरचं लेबल कॅमेऱ्यासमोर धरा, प्रमाण तोंडी सांगू नका, ऐकण्यात चूक होते आणि मग नसतं झेंगट.

एक जण २ हजार रुपयांत ५० हजार व्ह्यूज देतो म्हणतोय. सुरुवातीला धक्का म्हणून घेतले तर चालतील का?
— केक करणारी, छत्रपती संभाजीनगर

नको गं बाई. माझ्याच एका गिऱ्हाईकाने मला न सांगता घेतले होते. रील रातोरात ५० हजारांवर आणि त्यानंतर दुकानात एक माणूस आला नाही, एक मेसेज आला नाही. इनसाइट्स उघडून बघितलं तर बघणारे कुठल्या कुठल्या देशातले, तिथून ते काय आपल्याकडे पडद्याचं कापड घ्यायला येणार? आणि पुढच्या महिनाभर खऱ्या रीलसुद्धा कोणाला दाखवायच्या याचा अ‍ॅपचा गोंधळ झाला असावा असा माझा अंदाज, कारण त्या आधीपेक्षाही खाली गेल्या. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब दोघांच्याही नियमात हे बसत नाही, आकडे काढून टाकतात, अकाउंटवरही गदा येऊ शकते. आणि यातले काही जण पासवर्ड मागतात, तो दिलास तर केकबरोबर अकाउंटही गेलं. २ हजारात चांगला कॉलर माईक येतो.

चपलांचं दुकान आहे. ट्रेंडिंग गाणं लावायला गेलो तर आमच्या अकाउंटला गाणंच दिसत नाही, भाच्याच्या अकाउंटला दिसतं. अकाउंट बदलून लावू का?
— कोल्हापूर

तुमचं बिझनेस अकाउंट आहे म्हणून. त्या गाण्यांचा परवाना धंद्यासाठी नसतो, तुम्हाला मेटाच्या, म्हणजे इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या, साउंड कलेक्शनमधली वापरायची मुभा आहे. अकाउंटचा प्रकार बदलून गाणं दिसायला लागेल, पण विकायच्या वस्तूच्या रीलवर ते लावणं तरीही धोक्याचंच, आवाज बंद होतो किंवा रील जाते, कधी नोटीसही येते.

आणि कोल्हापुरीला गाणं कशाला हवंय मुळात? नवीन चप्पल कर्रकर्र वाजते तो आवाज लावा की! जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी सँडल दाखवली आणि नाव घेतलं नाही म्हणून केवढा गदारोळ झाला, नंतर त्यांनी भारतीय कारागिरीवरून घेतल्याचं मान्य केलं. त्या आठवड्यात जो तो कोल्हापुरीबद्दल बोलत होता आणि तुमच्या अकाउंटवर काय, तर "पावसाळी सेल". वेणी कशी घालतात, चामडं कसं कमावतात, शिवणीत खिळा का नसतो, असे चार व्हिडिओ कायम तयार ठेवा. असली संधी सांगून येत नाही, आणि आली की चार दिवसांत जाते.

एका दुकानाने साडी फुकट दिली, रील करायला. "जाहिरात" लिहिलं की व्ह्यूज पडतात म्हणे, नाही लिहिलं तर चालेल?
— पनवेल

नाही चालत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने स्पष्ट केलंय की पैसे असोत वा फुकट वस्तू, सांगायचंच, सहज दिसेल असं, आणि रील ज्या भाषेत त्याच भाषेत. फसव्या जाहिरातीला दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. साडी केवढ्याची आहे? बघा मग.

मी गणिताच्या छोट्या ट्रिक्स फळ्यावर शिकवतो. व्हिडिओत काळे पट्टे वरखाली सरकतात, मुलं म्हणतात सर डोकं दुखतं. फोन तर नवीन आहे.
— एक शिक्षक, धाराशिव

सर, फोन नाही, ट्यूबलाईट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, डोळ्याला कळत नाही पण सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमवर शूट करणाऱ्या कॅमेऱ्याला कळतं, दोघांचा ताल जुळत नाही आणि पट्टे दिसतात. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, किंवा २५ फ्रेम निवडा. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'पाल' फॉरमॅट चालू केले की २५ दिसायला लागतं. किंवा सरळ खिडकीशेजारी फळा ठेवून सकाळी १० वाजता शूट करा, फुकटचा उजेड.

पंखा बंद करा, तुमच्या व्हिडिओत पंखाच जास्त बोलतो. आणि फोन उभा धरा, आडवा व्हिडिओ टाकून वरखाली काळी पट्टी येते त्यात फळ्यावरचं ७ आणि १ सारखंच दिसतं. रील आणि शॉर्ट्स दोन्हीकडे आता ३ मिनिटं मिळतात म्हणून ३ मिनिटं वापरायलाच हवीत असं नाही, तुमची ९८ गुणिले ९७ वाली ट्रिक ४० सेकंदांत होते. आणि सुरुवातीला उत्तर लिहून दाखवा, ९५०६, मग विचारा हे मी तीन सेकंदांत कसं काढलं. पोरं थांबतील. पट्टे गेले तर.

पोरगा पावसाळ्यात धबधब्यांवर रील करायला जातो. ऐकत नाही. व्ह्यूज येतात म्हणतो.
— एक आई, माणगाव

ताई, येतात, ते खोटं नाही. पण जुलै २०२४ मध्ये तुमच्याच भागात कुंभे धबधब्यापाशी रील करायला आलेली एक तरुणी दरीत पडून गेली, त्याला आठवत असेलच. त्याला म्हणावं कड्यापासून लांब, ट्रायपॉडवर फोन लावून, पाण्याचा नुसता आवाज घेऊन ये, मी फुकट एडिट करून देते. मग बघू व्ह्यूज.

ताई, एवढं सांगता, तुमच्या स्वतःच्या रीलला किती व्ह्यूज असतात?
— एक खोडकर, नाशिक

काल रात्रीच्या रीलला ४१२. कुंडीतल्या गवती चहाची होती. रेघ बघितली, चौथ्या सेकंदाला लोक पळालेत, तिथे मी कुंडी कुठून आणली ते सांगत बसले होते.